पट्टा ताणण्याआधी घसर मोजावी

प्रश्न : शाळेतून निवृत्त झाल्यावर हाताला काम हवे म्हणून मी सुट्या भागांचा संच मागवून लाकडावर कोरीवकाम करणारे एक लहान सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) यंत्र घरीच जोडले. यंत्राचा पाट साधारण ४०० बाय ३०० मिलिमीटरचा आहे. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही अक्षांवर ६ मिलिमीटर रुंदीचे जीटी२ जातीचे दातेरी बेल्ट आणि २० दात्यांच्या पुली आहेत, मोटर नेमा १७ मापाच्या आहेत, नियंत्रणासाठी अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक-पट्टीवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर चालते आणि कापण्यासाठी सुतारकामाचा साधा ट्रिमर बसवला आहे. मी त्यावर नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या करतो. वर्षभर यंत्र बिनतक्रार चालले. मात्र मे महिन्यापासून काम सुरू केल्यावर पंचवीस-तीस मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येतो आणि त्यानंतरची सगळी नक्षी उजवीकडे सरकलेली निघते. वरची अर्धी जाळी बिनचूक आणि खालची अर्धी तिच्याशी बोलणे टाकल्यासारखी, असे तीन फळ्यांचे झाले. बेल्ट सैल पडला असावा असे समजून मी तो दोनदा ताणला. आता ‘टक’ आवाज गेला आहे, पण नक्षी सरकायची ती सरकतेच. माझे थोरले बंधू पिठाची गिरणी चालवत असत. ते म्हणतात, ‘पट्टा घसरतो ना, मग राळ लाव.’ ज्यांच्याकडून संच घेतला ते म्हणतात, बेल्टच बदला. नक्षी किती सरकली याची व्हर्नियरने घेतलेली मापे देतो. बेल्ट ताणण्यापूर्वीच्या तीन फळ्या : २.०, ३.९ आणि २.१ मिलिमीटर. ताणल्यानंतरच्या तीन फळ्या : १.६, ०.८ आणि २.४ मिलिमीटर. नेमके काय करावे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपण मापे पाठवलीत, त्यामुळे निम्मे काम झाले. या सदराकडे ‘बेल्ट घसरतो’ एवढ्याच मजकुराची पत्रे पुष्कळ येतात आणि त्यांना उत्तर देताना अंदाजावर विसंबावे लागते. आपल्या सहा आकड्यांत मात्र दोन निरनिराळे आजार स्पष्ट दिसतात, आणि दुसरा आजार पहिल्याच्या उपचारातून झालेला आहे.

आकडे कसे वाचायचे ते आधी सांगतो. जीटी२ बेल्टच्या दोन लगतच्या दात्यांमधले अंतर २ मिलिमीटर असते. पुलीला २० दाते असल्यामुळे तिच्या एका फेऱ्यात बेल्ट ४० मिलिमीटर सरकतो. बेल्ट पुलीवरून उडाला, तर तो एक दाता उडेल किंवा दोन दाते उडतील, पाऊण दाता कधीच उडणार नाही. म्हणजे बेल्ट उडाल्यामुळे पडलेली चूक २, ४, ६ अशाच पटीत येईल. आपल्या पहिल्या तीन फळ्यांवरची मापे २.०, ३.९ आणि २.१ अशी आहेत. लाकडाच्या रेषा आणि हाताने लावलेला व्हर्नियर यांतला एखाद-दुसरा दशांश सोडला तर तो २, ४ आणि २ असा सरळ हिशेब आहे. आवाजही ‘टक’ असा एकच येत होता, हे त्याला धरूनच आहे.

स्टेपर मोटरची, म्हणजे ठरलेल्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरची, चूक वेगळ्या पटीत येते. आपल्याकडची मोटर नेहमीप्रमाणे एका पावलाला १.८ अंश फिरणारी असेल, तर तिच्या फिरत्या गाभ्याला ५० दाते असतात. भार न पेलल्यामुळे किंवा विजेचा जोर कमी पडल्यामुळे ती चुकली, तर गाभा मध्येच कुठेतरी थांबत नाही, तो घसरून पुढच्या किंवा मागच्या दात्याच्या जागेवर जाऊन स्थिरावतो. एका फेऱ्याचे ४० मिलिमीटर भागिले ५० म्हणजे ०.८ मिलिमीटर. मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे बारीक तुकडे पाडणे) १६ चे असो की ८ चे, या हिशेबात फरक पडत नाही. मोटर चुकली तर नक्षी ०.८, १.६, २.४, ३.२ अशी सरकेल. आता आपल्या नंतरच्या तीन फळ्या पाहा : १.६, ०.८, २.४. इथे बेल्टचा दाता उडालेला नाही, मोटरची पावले चुकली आहेत. ४ मिलिमीटरचा आकडा तेवढा दोन्ही पाढ्यांत येतो, म्हणून त्या एका मापावरून निष्कर्ष काढू नये. किमान तीन फळ्यांची मापे जवळ असावीत, आणि एकाच फळीवर नक्षी दोनदा सरकली असेल तर फक्त पहिली सरक मोजावी.

तिसरा संशयित आपल्या प्रकरणात नाही, तरी इतर वाचकांसाठी त्याची ओळख करून देतो, कारण माझ्या स्वतःच्या यंत्राने मला याच बाबतीत दोन महिने फिरवले होते. तेव्हा मापे १.३, ०.५, २.७ अशी कशीही येत. मी बेल्ट ताणला, पुन्हा ताणला, नवा आणून बसवला, आणि मापे तशीच कशीही येत राहिली. अखेर एका संध्याकाळी पुलीच्या तोंडावर आणि मोटरच्या दांड्याच्या टोकावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली व एक पाटी कोरली. काम संपल्यावर पाहिले तर पुलीवरची अर्धी रेघ दांड्यावरच्या अर्ध्या रेघेपासून चांगली नखभर पुढे गेलेली. बेल्ट आणि मोटर दोघेही निर्दोष होते, पुलीच दांड्यावर फिरत होती. या मोटरचा ५ मिलिमीटरचा दांडा एका बाजूने चपटा केलेला असतो आणि पुलीला दांड्यावर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू त्या चपट्या भागावर टेकायला हवा. जोडताना तो मी गोल भागावर आवळला होता. चूक कशाच्याच पटीत येत नसेल, तर बेल्टला हात लावण्याआधी ही रेघ ओढून पाहावी. स्क्रू एम३ मापाचा असतो, त्याला १.५ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते, आणि संचासोबत येणारी की बहुधा इतकी मऊ असते की तिचेच कोपरे झिजतात व स्क्रू घट्ट बसल्याचा नुसता भास होतो. एक चांगली की विकत घ्यावी आणि स्क्रूच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंबभर हात लावावा.

आता आपल्या पहिल्या आजाराकडे वळतो. वर्षभर नीट चाललेला बेल्ट मे महिन्यात दाते का उडवू लागला? बेल्ट लांबला असावा असे कोणालाही वाटेल, पण जीटी२ बेल्टच्या रबरात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि त्या सहजासहजी लांबत नाहीत. सैलपणा आला असेलच तर तो बहुधा टोकांकडून येतो : बेल्टचे टोक जिथे चिमट्यात किंवा प्लास्टिकच्या टायने बांधलेले असते तिथून ते थोडेथोडे निसटते. ती दोन्ही टोके आधी पाहून घ्यावीत. मात्र माझा खरा संशय भुशावर आहे, आणि त्याचे कारण आपण दिलेली पंचवीस-तीस मिनिटांची वेळ. नुसता सैल बेल्ट पहिल्या मिनिटालाही उडू शकतो. अर्ध्या तासाने उडणारा बेल्ट सांगतो की या अवधीत काहीतरी साचत गेले.

जीटी२ च्या दात्याची उंची जेमतेम पाऊण मिलिमीटर असते. पुलीच्या खाचांमध्ये भुसा बसला आणि बेल्ट त्याला वरून दाबत राहिला, की त्याची टणक वडी होते. खाचेत पाव-अर्धा मिलिमीटरचा थर जमला तरी बेल्ट तेवढा वर उचलला जातो, आणि दाता खाचेत पुरता बसण्याऐवजी तिच्या कडेवर टेकून राहतो. मग एखादी गाठ किंवा आडवा रेषा आला, की तो उडी मारतो. एमडीएफचे (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे) पीठ या बाबतीत सर्वांत वाईट. सागवानाचा भुसा तेलकट असल्यामुळे चिकटतो. त्यातून कोकणातली मे-जूनची दमट हवा मिळाली, की जे पीठ जानेवारीत फुंकरीने उडत होते ते आता फुंकरीला दाद देत नाही.

ट्रिमरची आणि यंत्राची अशा दोन्ही पिना सॉकेटमधून काढाव्यात. त्यानंतर बेल्टचे एक टोक सोडवून तो पुलीवरून उतरवावा आणि विजेरीच्या उजेडात पुलीची एकेक खाच पाहावी. स्वच्छ खाचेचा तळ धातूसारखा चमकतो. भरलेल्या खाचेचा तळ मळकट, गुळगुळीत आणि सपाट दिसतो, आणि तो पुलीचाच भाग आहे असे वाटून आपण फसतो. बांबूची काडी तासून तिने तो थर उकरावा व जुन्या टूथब्रशने झाडून काढावा. पोलादी टोच्या वापरू नये, कारण पुली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि खाचेवर ओरखडा पडला की तो पुढे बेल्टचे रबर खातो. बेल्टचे दाते कोरड्या ब्रशनेच साफ करावेत. बेल्टला पुलीवर दाबून धरणारी दोन्ही बाजूंची आयडलर चाकेही याच वेळी फिरवून पाहावीत. त्यांच्यामुळे बेल्ट पुलीला वळसा घालतो. निदान सहा दाते एका वेळी पुलीत गुंतलेले असावेत असा संकेत आहे. आयडलरचा बोल्ट ढिला होऊन चाक बाजूला सरकले असेल, तर तो वळसा कमी होतो आणि ताण पुरेसा असूनही बेल्ट उडतो.

आपल्या बंधूंच्या सल्ल्याबद्दल. गिरणीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे आहे. गिरणीचा सपाट पट्टा केवळ घर्षणाच्या जोरावर चाक फिरवतो, म्हणून तो घसरू लागला की गिरणीवाले त्याला राळ लावत. दातेरी बेल्टचे काम घर्षणावर चालत नाही, दाता खाचेत अडकण्यावर चालते. त्याला राळ लावली तर घसर थांबणार नाहीच, उलट आज जो भुसा ब्रशने निघतो तो उद्या राळेत घट्ट बसेल. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवण्याचा फवारा यांचेही तेच. थोरल्या भावाचा शब्द मोडणे अवघड असते, याची मला कल्पना आहे. पण या एका ठिकाणी मोडावा.

आता दुसरा आजार. बेल्ट दाते उडवत होता तेव्हा आपण तो ताणला, आणि भरलेल्या खाचांवर तो इतका दाबला गेला की उडायचा थांबला. ‘टक’ आवाज त्यामुळे गेला. पण तो सगळा ताण मोटरचा दांडा आणि आयडलरची बेअरिंगे यांच्यावर आडवा येऊ लागला. मोटरला आता लाकूड कापायचे आहे आणि स्वतःच्या बेअरिंगमधला अडथळाही ओढायचा आहे. तिची ताकद पुरेनाशी झाली की ती पाऊल चुकते, आणि आपल्याला ०.८ चा पाढा दिसू लागतो. हे ताडून पाहण्यासाठी यंत्राची वीज बंद ठेवून, बेल्ट उतरवलेला असताना गँट्री (ट्रिमर धरून सरकणारी चौकट) हाताने सरकवावी. ती करंगळीने ढकलल्यावरही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकसारखी जायला हवी. मग बेल्ट आजच्या ताणाने पुन्हा चढवून तीच क्रिया करावी. बेल्ट चढवल्यावर मोटरचा स्वतःचा किंचित खडखडीत विरोध जाणवेल, तो असायचाच. पण अंगठ्याचा जोर लावावा लागत असेल, तर ताण फार झाला. मोटर जोडलेल्या असताना गँट्री सावकाशच सरकवावी, कारण जोरात ढकलली की मोटर जनित्रासारखी वागते आणि तिची वीज उलटी, मोटरला वीज पुरवणाऱ्या चालक-पट्टीकडे जाते.

योग्य ताण किती, याचे उत्तर आकड्यात देता येते, पण घरी तो आकडा मोजायचे साधन नसते, म्हणून कानाचा उपयोग करावा. गँट्री एका टोकाला नेऊन बेल्टचा जो लांब पदर मोकळा राहतो, त्यावर बोटाने टिचकी मारावी. नुसती फडफड ऐकू आली तर बेल्ट सैल आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेसारखी खोल गुंजन आली तर ताण ठीक आहे. जोडाच्या तारांसारखा चढा सूर लागला तर ताण जास्त आहे, तो सोडावा. मोकळा पदर जितका आखूड तितका सूर चढा लागतो, म्हणून प्रत्येक वेळी गँट्री त्याच टोकाला असली पाहिजे. उभ्या अक्षावर डावीकडे आणि उजवीकडे असे दोन बेल्ट असतील, तर त्या दोहोंचा सूर एकमेकांशी जुळणे हे ताणाच्या नेमकेपणापेक्षाही महत्त्वाचे आहे. एक बाजू घट्ट आणि एक सैल राहिली तर गँट्री तिरकी होते, आणि आपण कोरलेला चौकोन गुण्या लावल्यावर पतंगासारखा निघतो. अशा वेळी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत.

हे सगळे झाल्यावर लगेच सागवानाची फळी लावण्याचा मोह आवरावा. ट्रिमर काढून त्या जागी बॉलपेन बसवावे. कागदावर फुलीची खूण करून तिथे शून्य ठरवावे, २०० बाय १५० मिलिमीटरचा चौकोन सलग वीस वेळा काढायला लावावा, आणि शेवटी पेन फुलीवर परत येते का ते पाहावे. नुसत्या कागदावरही पेन चुकले तर दोष यांत्रिक आहे किंवा यंत्राला आपण फार घाई करायला लावत आहोत. जीआरबीएलमध्ये डॉलरचिन्हासह १२० आणि १२१ क्रमांकाच्या सेटिंग या दोन अक्षांचे त्वरण ठरवतात. त्या निम्म्यावर आणून पुन्हा वीस चौकोन काढावेत. आपल्या संचात या आकड्यांत काय भरून दिले आहे ते आपण कळवलेले नाही. पुष्कळ संचांत ते जाहिरातीला शोभतील असे भरलेले असतात, कामाला शोभतील असे नसतात.

कागदावर यंत्र पास झाले आणि लाकडात नापास झाले, तर दोष भाराचा आहे. सागवानात सिलिका असते आणि ती बिटची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार फार लवकर मारते. वर्षभर एकाच बिटने काम केले असेल तर ते बिट आता कापत नाही, रेटते. भुसा करड्या पिठासारखा आणि जळका वास येणारा निघत असेल तर बिट बदलावे. नव्या बिटने निघणारा भुसा चिमटीत घेतला तर त्याचे बारीक कपचे बोटांना जाणवतात. ३ मिलिमीटरच्या बिटने सागवानात एका फेरीत दीड मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये; शिवणीच्या लाकडात किंवा एमडीएफमध्ये थोडी मोकळीक घेता येते. फीड, म्हणजे बिट पुढे सरकवण्याचा वेग, मात्र भीतीपोटी फार कमी करू नये. ट्रिमर मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, बिट दोन धारांचे असेल आणि फीड मिनिटाला १२०० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ मिलिमीटर लाकूड येते. हा वाटा आणखी कमी केला की धार लाकूड कापण्याऐवजी घासत बसते, तापते आणि आणखी लवकर मरते. खोली कमी करावी, वेग नाही.

या सगळ्यानंतरही अर्ध्या तासाने ०.८ चा पाढा सुरूच राहिला, तर चालक-पट्टीवर बोट नेऊन पाहावे. स्पर्श करू नये, नुसती ऊब घ्यावी. ए४९८८ जातीचा चालक फार तापला तर स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर मोटर सोडून देतो, आणि त्या क्षणी ट्रिमरचा ओढा गँट्रीला सरकवतो. चालकावर अ‍ॅल्युमिनियमची चकती नीट चिकटलेली आहे ना, आणि संगणकातला एखादा जुना छोटा पंखा त्यावर फुंकर घालू शकेल का, एवढे पाहावे. करंट वाढवून हा दोष जात नाही, वाढतो.

बेल्ट बदलावा का? त्याच्या कडांतून पांढरे तंतू डोकावत असतील, दात्यांच्या मुळाशी चीर दिसत असेल किंवा एखादा दाता गेलाच असेल, तर जरूर बदलावा. तसे काही नसेल तर आपला बेल्ट निर्दोष आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो : ६ मिलिमीटरचा जीटी२ बेल्ट त्रिमित छपाईच्या यंत्रांत सर्रास वापरला जातो आणि तिथे त्याला फक्त हलके डोके इकडून तिकडे न्यायचे असते. पाट्या, शिवणीतल्या जाळ्या, उथळ नक्षी यांना तो पुरतो. पुढेमागे आपल्याला सागवानात खोल काम रोज करायचे असेल, तर ९ मिलिमीटरचा बेल्ट किंवा स्क्रूवर चालणारा अक्ष यांचा विचार करावा लागेल, आणि तेव्हा नेमा १७ मोटरही बदलाव्या लागतील.

प्रश्न : आमच्या घरी लाखकामाची खेळणी करण्यासाठी जुने लेथ आहे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, मिनिटाला १४४० फेरे, मोटरवर २ इंची आणि लेथवर ४ इंची पुली, मध्ये ए-३६ चा व्ही-बेल्ट. लाकूड गोल करताना बेल्ट किंचाळतो आणि लाकूड थबकते. लाखेची कांडी दाबून धरली की रंग एका ठिकाणी चमकतो, दुसरीकडे गोळा होतो. वडील बेल्टला साबण चोळत असत. तेच करावे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लाखेचे निरीक्षण आपण अचूक नोंदवले आहे. फिरत्या लाकडावर दाबलेली कांडी घर्षणाच्या उष्णतेने वितळते, म्हणून लाकडाचा वेग डळमळला की लाखही कुठे पातळ पसरते आणि कुठे अर्धवट वितळून चिकटते. लेथवरची पुली मोटरवरच्या पुलीच्या दुप्पट असल्यामुळे आपला हिशेब १४४० च्या निम्म्या, म्हणजे ७२० फेऱ्यांचा आहे; कांडी दाबल्यावर तो कितीवर येतो हे बेल्टच्या आवाजावरूनही कळते.

साबण चोळू नये. त्याने बेल्ट पाचेक मिनिटे गप्प बसतो आणि नंतर त्याच्या बाजू आणखी गुळगुळीत होतात. व्ही-बेल्ट खाचेच्या तळावर टेकून ओढत नाही, दोन्ही तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा रुतून ओढतो. म्हणून बेल्ट उतरवून दोन्ही पुलींच्या खाचांचा तळ पाहावा. तळ आरशासारखा चमकत असेल, तर बेल्ट झिजून खाली बसला आहे, आणि मग तो कितीही ताणला तरी पाचर बसणार नाही. बेल्ट नवाच हवा. खाचेच्या भिंतींत बोटाला खळगा लागत असेल, तर पुलीही नवी हवी. जुन्या पुलीवर नवा बेल्ट घालणे म्हणजे दोन महिन्यांनी हेच पत्र पुन्हा लिहिणे होईल. तळ मळकट आणि बेल्टच्या बाजू मात्र काचेसारख्या असतील, तर त्या बारीक पॉलिशपेपरने किंचित खरबरीत करून तात्पुरते भागवता येते.

ए जातीच्या बेल्टची वरची रुंदी १३ मिलिमीटर असते आणि त्याला साधारण ७५ मिलिमीटरपेक्षा लहान पुली मानवत नाही. आपली मोटरवरची २ इंची पुली फारच लहान आहे. तिच्याभोवती वळताना बेल्टला रोज प्रमाणाबाहेर वाकावे लागते आणि पुलीला धरायला त्याला जागाही कमी मिळते. ३ इंची आणि ६ इंची अशी जोडी बसवली तर वेग तोच ७२० राहील आणि किंचाळणे थांबेल. पुली मोठ्या झाल्यावर बेल्टही लांब लागेल. दोऱ्याने भोवती माप घेऊनच तो आणावा. बेल्टवरचा ३६ हा आकडा त्याची आतल्या बाजूची लांबी इंचांत सांगतो.

ताणाचा साधा नियम असा, की दोन पुलींच्या मधल्या पदराच्या लांबीच्या एक चौसष्टांश इतका बेल्ट बोटाने दाबल्यावर खाली जावा. पदर एक फुटाचा असेल तर साधारण ५ मिलिमीटर. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे लांब सरळ पट्टी त्यांच्या तोंडांना लावून पाहावे. नवा बेल्ट पहिल्या दिवसाच्या कामानंतर थोडा बसतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ताण पुन्हा तपासावा. आणि झाकण! या लेथवर पुलींना झाकण असल्याचे आपण लिहिलेले नाही. नसेल तर आधी प्लायवूडची पेटी करून तिथे बसवा, बेल्ट त्यानंतर आणा.

प्रश्न : कोरीवकाम-यंत्राचा दातेरी बेल्ट मधल्या भागात झिजला आहे. तो उलटा करून वापरता येईल का? जादा बेल्ट आणून ठेवला तर कसा ठेवावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाठ पुलीकडे आणि दाते बाहेर, अशा अर्थाने उलटा करता येणार नाही, कारण मग पुलीला धरायला दातेच उरणार नाहीत. टोकांची अदलाबदल केली तरी मध्य मध्यातच राहतो. टोकाला बराच जादा बेल्ट दुमडून ठेवलेला असेल, तर तो सोडून झिजलेला भाग कडेला सरकवता येतो. लहान यंत्रांवर सगळी कामे पाटाच्या मध्यभागीच होत असल्यामुळे या युक्तीने बेल्टचे आयुष्य थोडे वाढते. त्याबरोबरच फळी लावण्याची जागाही अधूनमधून बदलावी.

जादा बेल्ट वाटीएवढ्या सैल वेटोळ्यात, उन्हापासून दूर ठेवावा. खिळ्याला टांगू नये आणि घडी घालून रबरबँड लावू नये. घडीच्या जागी आतले काचतंतू तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि बेल्ट बसवल्यावर नेमका तिथेच तो लांबू लागतो. दुकानातून आणलेला बेल्ट घडी घालून पाकिटात कोंबलेला असेल, तर तो तिथल्या तिथे बदलून मागावा.